बिरड्याचा सण, कानबाई आणि बुडालेलं गाव: एक प्रश्न

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार मंडळी. प्रश्न विचारायचा आहे, पण आधी थोडं घरचं सांगते, नाहीतर मी हे का विचारतेय ते कळणार नाही.

रविवारी, ३ ऑगस्ट २०२५ ला, आमच्याकडे कानबाई बसली. कानबाई म्हणजे आमच्या खान्देशची देवी. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. सुरत, नाशिक, पुणे, जिथे जिथे भाऊबंदकी पांगली आहे तिथून सगळे आले. रोटाचे गहू मोजून घेतले, पुरण झालं, गंगाफळाची भाजी झाली, रात्रभर गाणी झाली. सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन आम्ही तापीवर गेलो. तापीवर म्हणजे हतनूर धरणाच्या फुगवट्यावर. आमचं मूळ गाव रावेर तालुक्यात, नदीच्या काठालाच होतं. धरण १९८२ साली पुरं झालं, तेव्हा मी पंधरा वर्षांची. वडील रेल्वेत असल्यामुळे आम्ही भुसावळला क्वार्टरमध्ये राहत होतो, पण आजी, काका, शेत, गुरं सगळं गावी. आजीने घराची सागवानी चौकट उखडून बैलगाडीत घातली आणि नव्या गावठाणात कुडाच्या भिंतीला ती चौकट लावली. घर पुढे दोन वर्षांनी झालं. दार आधी होतं.

माझे काका आता ८४ वर्षांचे आहेत. विसर्जनाला काठावर उभे राहून ते बोटाने पाण्यात दाखवतात. तो मारुतीचा पार, ती आपली ओसरी, तिथे विहीर. लहान पोरं पाहतात आणि त्यांना नुसतं पाणी दिसतं. तरी दरवर्षी विसर्जन तिथेच. जवळचा घाट सोडून आम्ही तीन किलोमीटर पुढे जातो.

त्याच रविवारी संध्याकाळी मोबाइलवर बातमी वाचली. यहुदी लोकांचा शोकाचा दिवस होता, तिशा बे-आव, आव महिन्याची नवमी. त्या दिवशी इस्रायलचे मंत्री इतमार बेन-ग्वीर जेरुसलेमला मंदिराच्या टेकडीवर गेले, तिथे प्रार्थना केली आणि गाझावर सार्वभौमत्व जाहीर करण्याची भाषा केली. तीच टेकडी मुसलमानांची हरम अल-शरीफ, अल-अक्साची जागा.

हा दिवस मला लहानपणापासून माहीत आहे. क्वार्टरमध्ये आमच्या शेजारी बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचं कुटुंब होतं, मूळचं अलिबागकडचं. त्यांच्या घरातल्या मावशी या दिवसाला ‘बिरड्याचा सण’ म्हणायच्या. बिरडं म्हणजे मोडाच्या वालाची उसळ. आमच्याकडे मूग-मठाचं राज्य, कडवे वाल मी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिले. मोड आलेल्या वालाची सालं काढायला त्यांच्या ओट्यावर बसायचे. सण म्हणतात आणि मावशी जमिनीवर गप्प बसलेल्या, पायात चप्पल नाही, हे काय, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, “आमचं देऊळ पडलं त्याचा दिवस.” कधी पडलं? “दोन हजार वर्षं झाली.” मला तेव्हा ते खरंच समजलं नव्हतं. १९८२ नंतर समजलं.

म्हणून बातमी वाचून मी अस्वस्थ झाले. मावशींच्या त्या गप्प दिवसातून वसाहतींचं, म्हणजे युद्धात घेतलेल्या पॅलेस्टिनी मुलखात यहुदी वस्ती बसवण्याचं, बोलणं कुठून निघालं? जाणकारांनी सांगावं, या दिवसाचा आजच्या वसाहतींशी संबंध कसा लावतात? आणि तो लावावा का? शोकाचा दिवस सातबारा होऊ शकतो का?

रेवदंडा_ते_लोद

तापीकाठताई, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. ती रडली. मी मूळचा रेवदंड्याचा, १९७४ साली इस्रायलला आलो, लोद शहरात राहतो. इथे आमची बरीच मराठी घरं आहेत. लोद, रमले, अश्दोद, दिमोना, बेर-शेवा. मायबोली नावाचं मराठी नियतकालिकसुद्धा इथून निघालेलं आहे.

बिरड्याच्या सणाबद्दल आधी. आमच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं आणि ते दुसरं मंदिर पडण्याच्या आधीच तिकडून निघालेले होते, असं आमच्यात सांगतात. म्हणून काही जाणते म्हणत, की आपल्याला या उपासाचं पुरतं कारण माहीत नव्हतं, वालाचं नाव तेवढं उरलं. माझ्या आजीला हिब्रू येत नव्हतं. पण बिरडं चुकवलं नाही.

आता पूर्ण प्रथा सांगतो. आदल्या सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत, सुमारे पंचवीस तास, अन्नपाणी नाही. अंघोळ नाही, चामड्याची पादत्राणं नाहीत. रात्री दिवे मंद करून जमिनीवर बसायचं आणि विलापगीत वाचायचं. माणसांनी भरलेली नगरी विधवेसारखी एकटी बसली आहे, अशी त्याची सुरुवात. पहिलं मंदिर बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरने इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये पाडलं, दुसरं रोमन सेनापती तितुसने इसवी सन ७० मध्ये. बेतार हा रोमविरुद्धच्या बंडखोरांचा शेवटचा गड पडला तोही याच दिवशी, असं मिश्ना, म्हणजे आमच्या धर्मनियमांचा जुना ग्रंथ, सांगते.

पण मिश्नाच्या यादीत पहिली घटना मंदिराची नाही. ती हेरांची आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. मोशेने कनान देश पाहायला बारा हेर पाठवले. दहा जण परत येऊन म्हणाले, तिथले लोक राक्षसासारखे आहेत, आपल्याच्याने होणार नाही. लोक रात्रभर रडले. तालमूद, म्हणजे मिश्नावरचा मोठा चर्चाग्रंथ, म्हणते, ती रात्र आवच्या नवमीची होती, आणि देव म्हणाला, तुम्ही विनाकारण रडलात, आता मी पिढ्यान्‌पिढ्या रडायला कारण देईन.

वसाहतवाले रब्बी हीच गोष्ट धरतात. त्यांच्या मते पहिलं पाप म्हणजे भूमी नाकारणं. मग त्याचं प्रायश्चित्त काय? भूमीत वस्ती करणं. नाब्लुस किंवा हेब्रोन या पॅलेस्टिनी शहरांजवळच्या टेकडीवर घर बांधणारा माणूस आपण त्या दहा हेरांचं पाप धुतोय असं मनापासून मानतो. तो ढोंग करत नाही, हे मी त्यांच्यातल्या काहींना ओळखतो म्हणून सांगतो.

दुसरी गोष्टही त्याच तालमूदमध्ये आहे. दुसरं मंदिर का पडलं? लोक शिकलेले होते, धर्म पाळत होते, मग का? उत्तर दिलंय: सिनात हिनाम, म्हणजे विनाकारण द्वेष. कम्सा नावाच्या मित्राला जेवायचं आमंत्रण होतं, नोकर चुकून बर कम्सा नावाच्या वैऱ्याला घेऊन आला. यजमानाने त्याला सगळ्यांदेखत हाताला धरून उठवलं. तो विनवत होता, माझ्या जेवणाचे पैसे देतो, अर्ध्या मेजवानीचे देतो, सगळ्या मेजवानीचे देतो, पण लाज काढू नका. पंगतीतले रब्बी गप्प बसले. त्या अपमानातून जेरुसलेम जळालं. मी रेवदंड्यात वाढलोय, पंगतीतून उठवणं म्हणजे काय ते मला कुणी समजावायला नको.

एकच दिवस, दोन वाचनं. एक म्हणतं जमीन सोडलीत म्हणून भोगलंत. दुसरं म्हणतं माणूस उठवलात म्हणून भोगलंत.

आणि २००५. तेव्हा सरकार आरियेल शारोन यांचं. गाझातल्या सगळ्या २१ वसाहती आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या (वेस्ट बँक, जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा मुलूख) चार उठवायचं ठरलं. तिशा बे-आवच्या आधीचे शोकाचे तीन आठवडे मध्ये येतात म्हणून तारीख पुढे ढकलली. १४ ऑगस्टला तिशा बे-आव झाला, त्याच मध्यरात्री गाझातला वसाहतींचा भाग इस्रायली नागरिकांना बंद केला आणि १७ तारखेपासून जबरदस्तीने घरं रिकामी करायला घेतली. आठ हजारांवर माणसं. माझा मुलगा तेव्हा सैन्यात होता, गाझातल्या नेवे देकालीम वसाहतीच्या बंदोबस्ताला. एका बाईने त्याला पाणी दिलं, मग विचारलं, “तुझ्या आईला सांगशील का आज काय केलंस?” तो आजही ते बोलत नाही, मला त्याच्या मित्राकडून कळलं. त्या लोकांसाठी तिशा बे-आव तेव्हापासून ताजा झाला. आमच्यासाठी दोन हजार वर्षांपूर्वीचा, त्यांच्यासाठी स्वयंपाकघराच्या ओट्याचा.

तापीकाठ (भुसावळ)

दादा, फार आभार. एक गोष्ट आत्ता पंचांगात पाहिली. १४ ऑगस्ट २००५ हाही कानबाईचाच रविवार होता. श्रावण शुद्ध नवमी. त्या वर्षी आजी शेवटची विसर्जनाला आली होती.

अमळनेरकर_काका

चंद्राचे महिने त्यांचेही आणि आपलेही. अमावस्येनंतर मोजणी सुरू, आणि अधिक महिना त्यांच्यातही असतो, एकोणीस वर्षांत सात. त्यामुळे आवची नवमी आपल्या आषाढ किंवा श्रावण शुद्ध नवमीच्या आसपासच पडते.

ताईंनी विचारलंय, संबंध लावावा का. माझं म्हणणं, हा प्रश्न खुद्द त्यांच्या शास्त्रात विचारलेला आहे आणि त्याचं उत्तरही दिलेलं आहे. पण मोर्च्यांत ते कोणी वाचत नाही. जुन्या करारातलं जखऱ्या संदेष्ट्याचं पुस्तक, सातवा अध्याय. काळ दारयावेश राजाच्या चौथ्या वर्षाचा, इसवी सनापूर्वी ५१८. बाबिलोनहून लोक परत आलेत, घरं बांधतायत, मंदिराचं काम चालू आहे. म्हणजे पुनर्वसन चालू असलेला काळ! तेव्हा काही लोक जेरुसलेमला येऊन विचारतात: इतकी वर्षं पाचव्या महिन्यात आम्ही रडत आलो, आता आलोच आहोत परत, तर अजून रडायचं का? पाचवा महिना म्हणजेच आव.

संदेष्टा हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तो उलट विचारतो, सत्तर वर्षं उपास केलात तो माझ्यासाठी केलात का? आणि मग सांगतो: खरा न्याय करा, एकमेकांवर दया करा, विधवा, अनाथ, उपरा आणि गरीब यांच्यावर जुलूम करू नका. पुढे आठव्या अध्यायात तो म्हणतो, हे उपासाचे दिवस आनंदाचे सण होतील, म्हणून सत्य आणि शांती यांची आवड धरा.

परत आलेल्या माणसाला, त्याच्या हातात जमीन असताना, सांगितलेली ही अट आहे. त्यात ‘उपरा’ हा शब्द आहे. मी तरी याच्याहून स्पष्ट उत्तर कुठे वाचलेलं नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९६७ च्या युद्धात इस्रायलने पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गाझा घेतलं. पश्चिम किनाऱ्याच्या वसाहतींत आज सुमारे पाच लाख लोक आहेत, पूर्व जेरुसलेममध्ये आणखी दोन लाखांवर. चौथ्या जिनिव्हा कराराचं ४९ वं कलम सांगतं, व्यापलेल्या मुलखात आपली वस्ती नेऊ नये. सुरक्षा परिषदेचा २०१६ चा ठराव २३३४ आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं १९ जुलै २०२४ चं सल्लागार मत दोन्ही वसाहतींच्या विरुद्ध आहेत. इस्रायल सरकार ते मानत नाही. तो मुलूख व्यापलेला नसून वादग्रस्त आहे, आणि आपला त्यावर पुरातन हक्क आहे, अशी त्याची भूमिका. आणि २००५ मध्ये उठवलेल्या त्या चार वसाहतींत जायची बंदी त्यांच्या संसदेने मार्च २०२३ मध्ये काढली.

दोंडाईचा_मिरची

ताई, तुम्ही साध्या गोष्टीचा गुंता करताय. दोन हजार वर्षं विसरले नाहीत म्हणून त्यांना जमीन मिळाली. विसरले असते तर आज देशच नसता. शोक कशासाठी असतो मग? नुसतं रडायला? एक सरळ विचारतो, राग मानू नका. उद्या हतनूर रिकामं झालं आणि तुमचं गाव वर आलं, तर तुमचे काका तिथे जाऊन झोपडी टाकणार नाहीत का?

तापीकाठ (भुसावळ)

राग नाही भाऊ. प्रश्न बरोबर आहे, आणि तो आमच्या घरात खरोखर घडलेला आहे म्हणून उत्तर देऊ शकते.

धरण रिकामं व्हायची गरज नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कडेची जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात, ती पेरायला दिली जाते. आमचं गावठाण उंचावर होतं, त्यामुळे कमी पावसाच्या वर्षी एप्रिल-मे मध्ये मारुतीचा पार दिसायला लागतो. अशाच एका वर्षी काका गेले तर तिथे कलिंगडाचे वेल. पलीकडच्या गावचं एक कुटुंब होतं, खोपी टाकून राहिलेलं. आमच्या ओसरीच्या जागेवर त्यांची चूल.

काकांनी त्या माणसाला शिव्या दिल्या. ही माझी ओसरी आहे, उठ इथून, म्हणाले. मी बरोबर होते, मला त्यांचा हात धरावा लागला. तो माणूस उठला नाही आणि भांडलाही नाही. त्याने त्याच्या पोराला सांगून काकांसाठी खाट आणवली. म्हणाला, “काका, बसा. आमचं पण गाव याच पाण्यात आहे, जरा खाली. ते वर येतच नाही.”

काका बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्याला दाखवलं, इथे ओसरी होती, इथे न्हाणी, विहिरीच्या बाजूला वेल लावू नको, तिथे मुरूम आहे, धरणार नाही. त्या वर्षी आम्ही गाडीत आठ कलिंगडं घालून आणली आणि काकांनी पैसे दिले. तो घेत नव्हता.

तर भाऊ, झोपडी टाकतील का? हो, टाकतील, जागा मोकळी असेल तर. माझे काका विसरणारे नाहीत, मीही नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं. पण तिथे कोणाची चूल असेल तर? शिव्या देऊन झाल्यावर त्या खाटेवर बसायचं की ती चूल लाथाडायची, एवढाच माझा प्रश्न आहे. पॅलेस्टिनी गावात सकाळी बुलडोझर येतो तेव्हा तिथल्या बाईची चूल पेटलेली असते. तिचा सासरा सांगतो की ही ऑलिव्हची झाडं माझ्या आज्याने लावली. दोन हजार वर्षांचं दुःख मला खरं वाटतं, अगदी मनापासून. तरी त्या दुःखाला त्या बाईच्या चुलीवर हक्क कसा मिळतो, ते मला कोणी समजावून दिलेलं नाही.

सोमावलचा

मी सहसा लिहीत नाही. तळोद्याजवळच्या सोमावल या पुनर्वसन वसाहतीत राहतो. आमचं गाव सरदार सरोवरात गेलं. महाराष्ट्रातली ३३ गावं त्यात, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. पहिलं मणिबेली. नर्मदेत आमचे गावदेव गेले, आज्या-पणज्याच्या गाथा गेल्या. गाथा म्हणजे पुरलेल्या जागेवर उभे केलेले दगड-खांब. त्याची तारीख कोणी पाळत नाही. पाणी कोणत्या दिवशी घरात शिरलं ते माझ्या आईला माहीत आहे, कॅलेंडरला नाही. तुमच्या यहुदी लोकांनी तारीख धरून ठेवली, याचा मला हेवा वाटतो.

पण ताईंच्या चुलीच्या गोष्टीला माझी एक जोड. आम्हाला इकडे जंगलखात्याची जमीन मोकळी करून दिली. कागदावर ते जंगल होतं. प्रत्यक्षात आधीपासून तिथे आपल्याच आदिवासी भावांची शेतं होती. त्यांच्याकडे कागद नव्हता, आमच्याकडे होता. पहिल्या वर्षी मी नांगर घातला तेव्हा एक म्हातारी बांधावर येऊन बसली. काही बोलली नाही. रोज येऊन बसायची. मला राग यायचा, कारण मी पण उठवलेलाच होतो, मी कुठे जाणार होतो? मी बुडालो हे खरं होतं. ती बांधावर बसलीय हेही खरं होतं.

पुढे मी तिच्या नातवाला वाट्याने शेत दिलं. त्याने फिटत नाही, मला माहीत आहे.

पॅलेस्टिनी लोक १५ मे पाळतात ना? नकबा. १९४८ मध्ये सुमारे सात लाख माणसं घरातून गेली, किल्ल्या बरोबर घेऊन. मग त्यांच्या दिवसाचं काय? एका दिवसाने जमीन मिळत असेल तर दुसऱ्यानेही मिळायला पाहिजे, आणि मग तिथे रोज सोमावल होईल.

दोंडाईचा_मिरची

दादा, तुमचं वाचून मी थांबलो. माझं मत पुरतं बदललेलं नाही. सुरक्षेचा प्रश्न राहतोच. गाझातून २००५ मध्ये उठले आणि पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. पण बांधावरच्या म्हातारीचं उत्तर माझ्याकडे नाही.

रेवदंडा_ते_लोद

सोमावलच्या भावाने लिहिलं म्हणून मलाही एक सांगितलं पाहिजे. पहिल्या पोस्टमध्ये टाळलं होतं.

मी ज्या लोदमध्ये राहतो ते १९४८ च्या जुलैपर्यंत अरबांचं शहर होतं. लिद्दा. लढाईत ते सैन्याने घेतलं आणि लोद-रमल्यातल्या हजारो लोकांना भर उन्हात पायी घालवून दिलं. मी १९७४ मध्ये आलो तेव्हा मला सरकारने फ्लॅट दिला, नवी इमारत, कोणाच्या घरात मी राहिलो नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलोय. माझ्या खालच्या मजल्यावर अरब कुटुंब आहे. त्यांचे आजोबा राहू शकले, त्यांचे भाऊ गेले. रमजानमध्ये त्यांच्याकडून कतायेफ येतात, आमच्याकडून मलिदा जातो. २०२१ च्या मे महिन्यात याच शहरात दंगल झाली, सिनेगॉग जळाली, माणसं मेली, तेव्हा आम्ही दोघांनी जिन्यात एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनी आपापली दारं लावून घेतली. ती रात्र मी विसरत नाही.

यंदा ३ तारखेला विलापगीत वाचून घरी आलो. शेजारी खाली बाकावर बसला होता, गाझातल्या नातलगांचा फोन लागत नव्हता म्हणून. उपास त्याचाही झाल्यासारखा होता, तोंडात काही नव्हतं घातलं. सिनात हिनामची गोष्ट मी त्याला सांगायला गेलो आणि मध्येच गप्प झालो. मी कोणाला काय सांगत होतो? बसलो त्याच्याजवळ. साडेअकराला फोन लागला.

मी वसाहतींच्या विरुद्ध आहे. माझा भाचा तिथे राहतो, आमचं बोलणं चालू आहे, पण या विषयावर नाही.

तापीकाठ (भुसावळ)

दादा, फोन लागला हे वाचून बरं वाटलं.

काकांना संध्याकाळी सगळं वाचून दाखवलं. सोमावलच्या भावांचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, “त्या म्हातारीचं नाव विचार.” मी म्हटलं, काका, असं कसं विचारणार. तर म्हणाले, “आपल्या खाटवाल्याचं तरी मी कुठे विचारलं होतं?” येत्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तर जायचं ठरलंय.

आणि दादा, पंचांगात पाहून ठेवलं. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून तुमचा दिवस आषाढात येतो. २३ जुलै २०२६, आषाढीच्या दोन दिवस आधी. आमची मुक्ताईची पालखी तेव्हा पंढरपूरला पोचलेली असेल. कानबाईशी यंदासारखी गाठ पडणार नाही, तरी मी आदल्या दिवशी वाल भिजवणार आहे. भुसावळच्या बाजारात कडवे वाल मिळतात आता. वहिनींना विचारून कळवा, मोड यायला इकडच्या दमट हवेत एक रात्र पुरते की दोन लागतात? मावशींचं मला एवढंच आठवतं, की सालं काढताना पाणी कोमट असायचं.